प्रश्न वाचकांचे : भीती कोणाच्या कामाची?

गेल्या अंकात ‘राजकारण आणि समाजजीवनातील भीती’ या विषयावर वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. पुणे शहर आणि जिल्ह्यातूनच इतकी पत्रे आली की बाहेरगावच्या पत्रांना पुढच्या अंकापर्यंत थांबावे लागणार आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. काही जणांनी नाव छापू नये अशी विनंती केली होती. विषय पाहता सर्वांचीच नावे वगळणे योग्य वाटले.

प्रश्न : भीतीच्या राजकारणावर टीका करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. कायद्याचा धाकच नसेल तर राज्य चालेल कसे?
(राज्यशास्त्राचा विद्यार्थी, शिवाजीनगर)

उत्तर : धाकाशिवाय राज्य चालत नाही, हे तुमचे म्हणणे मान्य करूनच पुढे जावे लागेल, आणि त्याचा पुरावा शोधायला पुण्यात ग्रंथालयाची पायरी चढावी लागत नाही. हेल्मेट न घालता अपघात झाला तर काय होते, हे प्रत्येक दुचाकीस्वाराला ठाऊक असते, तरीही ते हेल्मेट आरशाला लटकलेले असते. चौकाच्या थोडे अलीकडे वाहतूक पोलीस मामा दिसले की ते डोक्यावर चढते आणि चौक मागे पडला की पुन्हा आरशावर जाते. मरणाच्या भीतीने जे साधत नाही ते पावतीच्या भीतीने साधते. (हेल्मेटसक्तीविरुद्ध एवढ्या तावातावाने आंदोलने करणाऱ्या शहरात हे लिहिणे धाडसाचेच आहे.)

इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जने १६५१ साली, इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या पार्श्वभूमीवर, नेमके हेच मांडले होते : एकमेकांकडून मारले जाण्याची भीती असह्य होते म्हणून माणसे एका सर्वश्रेष्ठ सत्तेपुढे मान तुकवतात. पण त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १७४८ मध्ये, फ्रेंच विचारवंत मॉन्टेस्क्यूने भीती हे निरंकुश सत्तेचेच चालक तत्त्व असल्याचे सांगितले, आणि आपल्याकडे कौटिल्याने तर फार पूर्वीच बजावून ठेवले होते की कठोर दंडाने प्रजा उद्विग्न होते, सौम्य दंडाने राजाची अवहेलना होते आणि यथायोग्य दंड देणारा राजाच पूज्य ठरतो. या तिघांचे ऐकले तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘किती भीती’ यापेक्षा ‘कशाची भीती’ यात सापडते. चौकातल्या पावतीची रक्कम ठरलेली असते, नियम छापलेला असतो, आणि ज्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे त्याला मामांकडे पाहून हसताही येते. शासकाच्या मर्जीची भीती अशी नसते. काय केले म्हणजे आपण सुरक्षित राहू, हेच तेथे कोणाला ठाऊक नसते. त्यामुळे माणूस सांगितले त्यापेक्षा जास्त वाकतो, न विचारताच गप्प बसतो आणि शेजाऱ्यालाही गप्प बसायला सांगतो. पहिल्या प्रकारच्या धाकाला विरोध करण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रकाराला ‘कायद्याचा धाक’ हे नाव लावू नये, एवढेच.

प्रश्न : १८९७ च्या प्लेगमध्ये रँडने केलेल्या अत्याचारांविषयी आपण शाळेपासून वाचतो. पण साथ खरी होती आणि लोक रोगी लपवत होते, हेही खरे ना? मग चूक कोणाच्या भीतीची?
(निवृत्त शिक्षिका, नाना पेठ)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींना कशा पोसत गेल्या हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघडकीस आला आणि १८९७ च्या आरंभी तो पुण्यात झपाट्याने पसरला. सरकारच्या मनात रोगाची भीती होतीच, शिवाय परदेशी बंदरांनी हिंदुस्थानच्या मालावर बंदी घातली तर व्यापार बुडेल ही धास्तीही होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा घाईघाईने मंजूर झाला. अवघ्या काही कलमांच्या त्या कायद्याने सरकारला अमर्याद म्हणावेत असे अधिकार दिले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या पेठांमधून घरोघर फिरू लागल्या. माजघर, देवघर, स्वयंपाकघर असा भेद न करता शिरायचे, बायकापुरुषांची तपासणी करायची, संशयिताला रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत पाठवायचे, सामान बाहेर काढून जाळायचे, अशी ती पद्धत होती.

आता त्या काळच्या एका सामान्य घरातून याकडे पाहा. घरात कोणाला ताप भरला आणि काखेत गाठ आली, तर कळवल्याबरोबर माणूस जाणार, घर विस्कटणार आणि उरलेले कुटुंब छावणीत जाणार. न कळवल्यास निदान माणूस घरच्यांच्या हातचे पाणी पिऊन तरी जाईल. साहजिकच रोगी माळ्यावर आणि कोठीत लपवले गेले, प्रेतेही लपवली गेली, आणि ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. रुग्णालयात नेऊन माणसांची ‘मोमियाई’ काढतात, म्हणजे त्यांच्या देहापासून औषधी तेल गाळतात, अशी अफवा मुंबई इलाख्यात पसरली होती. ती हास्यास्पद होती खरी, परंतु ज्या सरकारने आपले म्हणणे समजावून सांगण्याची तसदीच घेतली नव्हती, त्याच्याविषयी लोक काहीही खरे मानायला तयार होते. रोगी लपल्यामुळे रोग वाढला, रोग वाढल्यामुळे झडत्या वाढल्या, आणि झडत्या वाढल्यामुळे आणखी रोगी लपले.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढचा इतिहास आपण जाणता : फाशी, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला आणि अठरा महिन्यांची शिक्षा. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची वाटते ती कमी सांगितली जाणारी गोष्ट. पुढच्या काळात सरकारनेच सक्तीचा जोर कमी केला, स्थानिक लोकांचे आणि वैद्यांचे साहाय्य घेण्याकडे कल वळवला, आणि तसे करण्याचे कारण दया हे नव्हते. सक्तीने रोग आटोक्यात येत नाही, उलट दडतो, हा अनुभव पदरी पडला होता.

याच साथीत हडपसरच्या बाजूला माळावर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः तेथे आणल्याचे सांगितले जाते. १० मार्च १८९७ रोजी त्यांचाही प्लेगनेच मृत्यू झाला. त्या दवाखान्यातही भीती रोगाच्याच संसर्गाची होती, परंतु तेथे रोग्याला लपवावे लागत नव्हते. चूक कोणाच्या भीतीची, असे तुम्ही विचारता. माझे मत असे की भीती दोन्ही बाजूंची रास्त होती. ज्याच्या हाती अधिकार होता त्याने आपल्या भीतीचा सगळा भार दुसऱ्यावर टाकला, आणि म्हणून जबाबदारीही त्याचीच मोठी.

प्रश्न : पानशेत फुटल्यानंतर ‘पुन्हा पाणी आले’ अशी हाकाटी होऊन लोक पर्वतीकडे पळत सुटले होते, असे माझे आजोबा सांगत. तेव्हा मोबाइल नव्हते. मग आजच्या अफवांचे सगळे खापर व्हॉट्सॲपवर फोडणे बरोबर आहे का?
(अभियंता, कोथरूड)

उत्तर : बरोबर नाही, पण व्हॉट्सॲपला पूर्ण निर्दोष सोडणेही बरोबर नाही. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम सुरू असलेले पानशेतचे धरण सकाळी फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही दुपारी गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या. आदल्या दिवशी असेच पाणी डोळ्यांनी पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी आरोळी ऐकून पळाला, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितोच. त्या पळण्यात कोणी चेंगरले असेल, कोणाचे राहिलेले सामान गेले असेल, परंतु त्या भीतीने कोणा परक्या माणसाला गाठून मारले नाही. त्या भीतीचा रोख पाण्याकडे होता.

आता १ जुलै २०१८ चा धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवून पाहा. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश आणि चित्रफिती त्या महिन्यांत मोबाइलवरून सर्वत्र फिरत होत्या. आठवडे बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या, भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच ठेचून मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन घातले, म्हणजे यंत्राचा दोष कंपनीनेही एका परीने मान्य केला.

पण संदेशात कोणाचेही नाव नव्हते. जमावाने नेमके यांनाच का पकडले? इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला, तरी गावोगावच्या पोलीस ठाण्यांत आणि लोकांच्या डोक्यात तो शिक्का राहिला, आणि त्या यादीत नसलेल्या भटक्यांवरही त्याची सावली पडली. अफवा मोबाइलवरून आली, तिला माणूस मात्र जुन्या संशयाने पुरवला. म्हणून अफवा आली की ‘हे खरे आहे का’ एवढाच प्रश्न पुरत नाही, ‘हे खरे मानले तर उद्या मार कोण खाणार’ हाही प्रश्न आपल्या गटात विचारावा. त्याचे उत्तर बहुधा लगेच मिळते, आणि ते सहसा बंगल्यात राहणाऱ्याचे नाव नसते.

प्रश्न : निवडणुकीच्या प्रचारात सावध करणे आणि घाबरवणे यांतला फरक ओळखायचा कसा?
(बँक कर्मचारी, चिंचवड)

उत्तर : आपण बँकेत आहात, तेव्हा तेथलेच उदाहरण घेऊ. बँक बुडणार या भीतीने सगळे खातेदार एकाच दिवशी दारात उभे राहिले तर धडधाकट बँकही बुडते. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक कोसळल्यानंतर आपल्याकडे १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा लागू झाला. त्याची मर्यादा १९९३ मध्ये एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. येथे भीती ओळखली गेली आणि ती उरणार नाही अशी व्यवस्था उभारली गेली. निदान पाच लाखांपर्यंत तरी. याउलट १९६४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत जॉन्सन यांच्या प्रचारात फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या मुलीमागे अणुस्फोट दाखवणारी जाहिरात आली. ती पैसे देऊन एकदाच दाखवली गेली, तिच्यात प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचे नावही नव्हते, आणि अण्वस्त्रांचे काय करायचे याचा चकार शब्दही नव्हता. मत द्या, एवढेच होते. वक्ता ज्या संकटाने तुम्हाला घाबरवतो आहे ते उद्या नाहीसे झाले तर त्याचे भाषण उरेल का, हे पाहावे. भाषण उरत नसेल, तर ते संकट दूर करण्याची त्याला घाई असण्याचे कारण नाही.

प्रश्न : मत गुप्त असते, असे सगळे सांगतात. आमच्या गावात मात्र निकालानंतर ‘तुमच्या वस्तीने कोणाला मत दिले ते आम्हाला कळले’ असे तोंडावर ऐकवतात. हे कसे कळते? की नुसतीच धमकी असते?
(शेतकरी, खेड तालुका)

उत्तर : सर्वांत आधी दिलासा : तुम्ही व्यक्तिशः कोणते बटण दाबले हे कोणालाही कळत नाही. कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. परंतु ‘वस्तीने कोणाला मत दिले’ हे कळते, हे दुर्दैवाने खरे आहे आणि त्यात बेकायदा काहीच नाही.

मोजणीच्या दिवशी प्रत्येक टेबलावर एकेका केंद्राचे यंत्र येते. टेबलापलीकडे जाळीमागे पक्षांचे प्रतिनिधी वही-पेन घेऊन बसलेले असतात. ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, खोली क्रमांक २’ या केंद्राचे यंत्र उघडले की प्रत्येक उमेदवाराचा आकडा जाहीर होतो आणि वहीत उतरतो; पुढे हाच केंद्रनिहाय तपशील अधिकृत नमुना २० मध्येही येतो. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात. लहान गावात एकच केंद्र असते, मोठ्या गावात कोणती आळी कोणत्या खोलीत मतदान करते हे सर्वांना पाठ असते. मग पाण्याची योजना, रस्त्याचे डांबर, घरकुलाची यादी यांच्या वेळी ती वही उघडते, किंवा उघडेल असे सांगितले जाते. धमकीचे काम तेवढ्यावरच भागते.

कागदी मतपत्रिकांच्या काळात यावर एक साधी तोड होती. जेथे दहशतीची शंका असेल तेथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळता येत असत. मतदान यंत्रे आली आणि ती मिसळण्याची सोय गेली. ती परत आणण्यासाठी निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’ नावाच्या उपकरणाचा प्रस्ताव दिला. त्याने चौदा यंत्रांची बेरीज एकदम मिळते आणि एकेका केंद्राचा आकडा दिसत नाही. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. केंद्रनिहाय आकडे मिळाले तर आपण कोठे कमी पडलो हे पक्षांना कळते आणि तेथे काम करता येते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो युक्तिवाद पुणे शहरातल्या एखाद्या मोठ्या प्रभागाला कदाचित लागू पडेल. तुमच्या वस्तीला तो वाचून दाखवा आणि किती जण हसतात ते मोजा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. केंद्रनिहाय आकडा उपलब्ध असला की गैरप्रकार पकडणे सोपे जाते, आणि यंत्रांविषयी शंका घेणारे अनेक जण तो आकडा सोडायला तयार नाहीत. मला त्यांचे म्हणणे समजते. तरीही पाणी तोडले जाईल या भीतीने दिलेले मत हाही गैरप्रकारच आहे आणि तो कोणत्याच आकड्यात पकडला जात नाही, म्हणून माझा कौल मिसळण्याच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालात ‘नोटा’चे बटण दिले ते याच तत्त्वावर : पूर्वी कोणालाच मत द्यायचे नसेल तर नियम ४९-ओ खाली तशी नोंद वहीत करून सही करावी लागे, आणि सही केली की गुप्तता संपत असे. जे एका मतदाराला लागू आहे ते एका आळीला का नसावे, हा प्रश्न पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्याला जरूर विचारा; सभेत, चार लोकांसमोर.

प्रश्न : आमच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले. पंचांनी उघड काही म्हटलेले नाही, पण लग्नकार्याची बोलावणी थांबली आहेत आणि भावाच्या मुलाची ठरलेली सोयरीक मोडली. तक्रार केली तर उरलेलेही तुटतील, ही भीती आहे.
(पुणे जिल्हा)

उत्तर : आपली भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. अडचण अशी की ‘बोलावले नाही’ हा गुन्हा नसतो, ‘बोलावू नका असे सांगितले’ हा असतो. म्हणून आज तक्रार करायची नसली तरी नोंद ठेवावी : बैठक कधी झाली, कोणाच्या घरी, निरोप कोणी आणला, सोयरीक मोडताना कोणते शब्द वापरले गेले. जातपंचायतींविरुद्ध काम करणाऱ्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांशी बोलावे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतरही ते काम थांबलेले नाही. भावालाही विश्वासात घ्यावे. तुमच्या पत्रात त्याचे मत कोठेच आले नाही, आणि नुकसान त्याच्या मुलाचे झाले आहे.

प्रश्न : शेजारच्या इमारतीत चोरी झाल्यावर आमच्या सोसायटीच्या समितीने ठराव केला आहे की घरकामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या फाटकावर तपासायच्या आणि सामान पोहोचवणाऱ्या मुलांना लिफ्ट वापरू द्यायची नाही. मला हे खटकते, पण विरोध केला तर ‘उद्या तुमच्याकडे चोरी झाली म्हणजे कळेल’ असे म्हणतात.
(समिती सदस्य, सिंहगड रस्ता)

उत्तर : चोरीची भीती रास्त आहे, तेव्हा ‘घाबरू नका’ असे म्हणून बैठकीत आपले कोणी ऐकणार नाही. त्याऐवजी चोरी कशी झाली हे विचारावे. कुलूपबंद घराचा कडीकोयंडा उचकटला होता की ओळखीच्याने किल्ली वापरली होती? दिवसा झाली की रात्री? वाहनतळातले दिवे चालू होते का, कॅमेऱ्याचे चित्रीकरण मिळाले का, रखवालदाराची पाळी किती तासांची होती? याची उत्तरे मिळाली तर बहुधा दिवे, कुलपे आणि दुसरा रखवालदार यांवर खर्च करावा लागेल, आणि वर्गणी वाढेल. पिशव्या तपासायला काहीच खर्च येत नाही, आणि ज्यांच्या तपासायच्या त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. या ठरावाची लोकप्रियता तेथून येते. लिफ्टबंदीने तर चोर थांबत नाही, फक्त सिलिंडर खांद्यावरून चढतो.

ठराव रद्द होत नसेल तर त्याला तीन महिन्यांची मुदत घालून घ्यावी आणि तपासणी सदस्यांच्या पिशव्यांनाही लागू करण्याची उपसूचना मांडावी. ती मंजूर होणार नाही, पण चर्चा मूळ मुद्द्यावर येईल. शक्य झाल्यास कामाला येणाऱ्या मावशींपैकी दोघींना बैठकीला बोलवावे. त्यांतल्या काही जणी शेजारच्या इमारतीतही कामाला जात असतील, आणि त्या दिवशी तेथे कोण आले-गेले याची माहिती तुमच्या समितीपेक्षा त्यांच्याकडेच जास्त असण्याचा संभव आहे.